सात रुपयांची ती गोष्ट मुलांना सांगू नका

फेब्रुवारी लागला की सर सी. व्ही. रमण यांच्यावरचा हा मेसेज पुन्हा डोकं वर काढतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो नानाकाकांनी टाकला. खाली नमस्काराचे हात आले, फुलं आली, 'काय ती माणसं!' आलं. तिथवर मी गप्प राहिले असते. पण माझी भाची सातवीत आहे, इथे इंदूरला, लोकमान्य नगरातच राहते. शाळेतल्या विज्ञान दिनाच्या भाषणासाठी काकांनी तिला हाच मजकूर सुचवला आणि तिने तो शब्दन् शब्द वहीत उतरवून पाठही केला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते म्हणून तिच्या आईने वही माझ्याकडे पाठवली, 'एकदा नजर घाल' म्हणून. नजर घातली आणि माझा संयम सुटला. दोनशे मुलांसमोर उभी राहून ही पोर जे बोलणार होती, त्यातलं निम्मं चूक आहे, आणि सगळ्यात टाळ्या मिळवणारा भाग तर साफ बनावट आहे.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. २८ फेब्रुवारी हा सर सी. व्ही. रमण यांचा जन्मदिवस. बोटीच्या प्रवासात समुद्र निळा का दिसतो हे त्यांनी शोधलं आणि त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. हा शोध त्यांनी एकट्याने, दोनशे रुपयांच्या सामानात लावला. तोवर जगात कुणाला त्याची कल्पनाही नव्हती. ते परदेशात शिकले नाहीत. नोबेलची त्यांना इतकी खात्री होती की जाहीर होण्याआधीच बोटीचं तिकीट काढलं होतं. आणि मग मुख्य गोष्ट. १९४९ साली निवृत्तीनंतर त्यांनी बंगळूरला संशोधन संस्था काढली, तीन जागांची जाहिरात दिली. मुलाखतीत एका तरुणाला नापास केलं. दुसऱ्या दिवशी तो तरुण कचेरीबाहेर घुटमळताना दिसला. विचारल्यावर म्हणाला, 'प्रवासखर्चाचे सात रुपये मला जास्त दिले गेलेत, ते परत करायला थांबलोय.' रमण म्हणाले, 'भौतिकशास्त्र मी तुला शिकवीन, चारित्र्य तुझ्याकडे आहेच. तुझ्यासाठी मी नवी जागा निर्माण करतो.' तो तरुण म्हणजे पुढे १९८३ साली नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनी म्हणे या सात रुपयांवर एक पुस्तकही लिहिलं.

जन्मदिवसाचं एका ओळीत उरकते. रमण जन्मले ७ नोव्हेंबर १८८८ रोजी, तिरुचिरापल्लीला. २८ फेब्रुवारी १९२८ हा शोधाचा दिवस आहे, म्हणून त्या तारखेला विज्ञान दिन; १९८७ पासून आपण तो साजरा करतो.

आता सात रुपये.

चंद्रशेखर कोण होते? रमण यांचे थोरले भाऊ सी. सुब्रह्मण्य अय्यर, त्यांचा हा मुलगा. म्हणजे सख्खा पुतण्या. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याने ते दडवलं आहे. मुलाखतीला समोर बसलेला आपल्याच भावाचा मुलगा रमण यांना ओळखू आला नाही, दुसऱ्या दिवशी दारात उभा दिसला तरी ओळखू आला नाही, असं आपण सातवीच्या मुलीच्या तोंडून वदवून घेणार आहोत.

आणि १९४९ साली हा 'तरुण' होता कुठे? यासाठी तर्क लढवायची गरज नाही. नोबेल मिळालेल्या प्रत्येकाकडून एक छोटं आत्मवृत्त घेतलं जातं आणि ते नोबेलच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. चंद्रशेखर यांचंही तिथे आहे, जेमतेम दोन पानांचं. त्यात ते सांगतात: जन्म १९१० सालचा, लाहोरचा, कारण वडील तिथे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. १९३० साली भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळून केंब्रिज. १९३३ साली पीएचडी आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप. जानेवारी १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले, आणि तेव्हापासून मी याच विद्यापीठात आहे, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. त्याच टिपणात आपल्या संशोधनाचे टप्पेही त्यांनी सालवार दिले आहेत. १९४३ ते १९५० हा काळ ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो, या विषयाचा. बंगळूरची जाहिरात, मुलाखत, सात रुपये, नवी जागा यांतलं काहीही तिथे नाही, कारण ते घडलंच नाही.

१९४९ साली चंद्रशेखर एकोणचाळिशीला टेकले होते. ताऱ्यांच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ छापून दहा वर्षं झाली होती. १९४४ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होते. विझत चाललेला तारा सूर्याच्या साधारण १.४ पटींपेक्षा जड असेल तर तो पांढरा बटू, म्हणजे लहान पण अतिघट्ट गोळा, म्हणून टिकू शकत नाही, हे गणित त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला जाताना बोटीवर मांडायला घेतलं होतं. १९३५ च्या जानेवारीत त्यावर एडिंग्टनसारख्या दिग्गज खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत टीकेची झोड उठवली, तेव्हाही हा माणूस आपल्या आकड्यांपासून हलला नाही. त्या गणिताचं मोल जगाला कळायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. अशा माणसाला आपण भौतिकशास्त्राच्या मुलाखतीत नापास झालेला उमेदवार करून टाकलं आहे, ज्याला रमण यांनी दया येऊन शिकवायला घेतलं. हा त्यांचा गौरव कसा होतो, काका, मला खरंच कळत नाही.

बरं, क्षणभर धरून चालू की गोष्ट खरी आहे. मग नेमकं काय घडलं? एका संस्थेच्या प्रमुखाने तीन जागांसाठी उमेदवार बोलावले, आपल्या पुतण्याला नापास केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चौथी जागा काढली. आपल्याकडे असं कुणी केलं तर आपण त्याला काय म्हणतो? चारित्र्याची कथा म्हणून जी सांगता, ती खरी असती तर रमण यांच्यावर ठपका ठेवणारी ठरली असती.

पुस्तकाचं म्हणाल तर चंद्रशेखर यांचे ग्रंथ मोजके आणि जगजाहीर आहेत: ताऱ्यांची रचना, ताऱ्यांच्या समूहांची गती, प्रारणाचं वहन, द्रवांचं स्थैर्य, कृष्णविवरांचं गणित, शेवटी न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'वरचं भाष्य. सात रुपयांवर एकही नाही.

एक कण खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करते. चंद्रशेखर एकदा रमण यांच्या प्रयोगशाळेत राहिले होते. साल १९२८, उन्हाळ्याची सुट्टी, जागा कलकत्ता, वय सतरा. काकांच्या शोधाचा गाजावाजा ताजा होता आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या तिथे आला होता. त्याच वर्षी त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला. एवढ्यावरून कुणीतरी बंगळूर, १९४९ आणि सात रुपये उभे केले असतील तर असतील.

मला सगळ्यात जास्त त्रास या गोष्टीतल्या त्या टाळीच्या वाक्याचा होतो. 'भौतिकशास्त्र मी तुला शिकवीन, चारित्र्य तुझ्याकडे आहेच.' ऐकायला गोड आहे. मुलांच्या मनात मात्र त्यातून असं बसतं की अभ्यास ही दुय्यम चीज आहे, ती काय कधीही शिकता येते. मोठा माणूस खूश झाला की दार उघडतं. आणि रमण हे उमेदवाराचं अंतरंग ओळखणारे न्यायी परीक्षक होते. इथेच मला थांबायचं आहे. रमण यांनी नाकारलेला आणि तरीही त्यांच्या दारात येऊन उभा राहिलेला एक उमेदवार खरोखर होता. ती मुलगी होती. आणि तिचा जन्म आपल्या इंदूरचा.

कमला भागवत. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) शिकलेले. १९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली, रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र जोडीला, गुणांत पहिली. तिने याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक रमण. त्यांनी नकार दिला. कारण गुण नव्हतं, शिस्त नव्हतं, प्रवासखर्चाचा हिशेबही नव्हता. ती मुलगी होती, एवढंच.

ती घरी बसली नाही. थेट बंगळूर गाठलं, रमण यांच्यासमोर उभी राहिली आणि मला का नाही याचं कारण मागितलं. गांधीजींचा काळ होता. प्रवेश मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही, असा सत्याग्रहच तिने केला. शेवटी रमण यांनी तिला घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-बेरात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट मी दर वेळी वाचते तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. तिने अटी मान्य केल्या. दूध, कडधान्यं, डाळी यांतल्या प्रथिनांवर तिने काम केलं. वर्षभराने रमण यांना तिच्या कामात खोट काढता आली नाही, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हे रमण यांनी केलं, तेही सांगितलं पाहिजे. पुढे १९४० च्या सुमारास त्यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी, पुढच्या नामवंत हवामानशास्त्रज्ञ, हिऱ्यांवर काम करत होत्या.

कमलाताई तिथून केंब्रिजला गेल्या, जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएचडी घेऊन परत आल्या. पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, त्याबद्दल राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालक झाल्या. आणि उतारवयातसुद्धा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की रमण शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण मनाने संकुचित होते. मुलगी म्हणून त्यांनी मला जी वागणूक दिली ती मी विसरू शकत नाही.

इंदूरच्या शाळेत, इंदूरच्या मराठी मुलीने विज्ञान दिनाला रमण यांच्याविषयी बोलायचं असेल तर नाकारलेल्या उमेदवाराची ही गोष्ट तिच्या हातात असायला हवी होती. तिच्या वहीत शिकागोच्या प्राध्यापकाला बंगळूरच्या व्हरांड्यात घुटमळायला लावणारी गोष्ट आली. चांगल्या हेतूने पाठवली, हे मला मान्य आहे. पण खोटी गोष्ट जागा अडवून बसली की खरीला ती मिळत नाही.

यावर नानाकाकांचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय: 'अगं, गोष्ट खोटी असेल, पण बोध तर चांगला आहे ना?' नाही काका. प्रामाणिकपणाचा बोध खोट्या गोष्टीतून देता येत नाही. तिला उद्या वर्गात कुणी विचारलं, 'हे कुठे वाचलंस?' तर ती काय उत्तर देणार आहे?

आता समुद्र निळा असण्याचं. इथे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते दुरुस्त करायला जास्त कष्ट पडतात. १९२१ साली रमण ऑक्सफर्डच्या परिषदेला गेले होते. तोवर इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं प्रमाण मानलं जाई की खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रमण यांनी बोटीच्या डेकवरून भूमध्य समुद्राकडे निकोल लोलकातून पाहिलं. लोलक नेमका फिरवला की पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश कापला जातो. प्रतिबिंब गेलं, निळाई राहिली, उलट जास्त गडद झाली. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहिलं. नोबेलच्या भाषणाची सुरुवातही त्यांनी याच प्रवासापासून केली, म्हणून मेसेजवाल्याला मी पूर्ण खोटं ठरवत नाही.

पण नोबेल त्याबद्दल नाही. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात ही गोष्ट १९२१-२२ ची. त्या विखुरण्यात प्रकाशाचा रंग तोच राहतो. निळा जास्त विखुरतो, लाल कमी, इतकंच. शिवाय समुद्राच्या निळाईचं आज मान्य असलेलं मुख्य कारण असं की पाणी तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषून घेतं. रमण यांनी विखुरण्यावर भर दिला होता. १९२८ चा शोध यापेक्षा फार वेगळा आहे, आणि तो समजावून सांगणं सात रुपयांपेक्षा सोपं आहे.

रेणू म्हणजे स्थिर गोळी नव्हे. त्यातले अणू एकमेकांशी बांधलेले असतात आणि सतत कंप पावत असतात. कोणत्या रेणूने किती वेगाने कंप पावायचं हे त्याच्या बांधणीवर ठरतं. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो तेव्हा बहुतेक वेळा जितक्या ऊर्जेने आला तितक्याच ऊर्जेने परततो. पण कोटीत एखादा कण आपली थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनाला देऊन जातो, किंवा त्याच्याकडून घेऊन जातो. तेवढा त्याचा रंग बदलतो. हाच रमण परिणाम. किती बदलला हे मोजलं की रेणूचं कंपन कळतं, आणि कंपन कळलं की रेणू ओळखता येतो. बेंझीनची ठळक रेघ ९९२ वर, हिऱ्याची १३३२ वर, एकक प्रति सेंटिमीटर. या रेघा बोटांच्या ठशांसारख्या असतात, एका पदार्थाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून बाटली न उघडता आत काय आहे ते सांगता येतं, हिरा खरा की नकली ते सांगता येतं. आपल्या खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारातल्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्रात या रेघा मोजणारा रमण स्पेक्ट्रोमीटर आहे. आणि ज्या लेझरमुळे हे तंत्र जगभर पसरलं त्यावर आपल्या कॅटमध्ये (आजच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) इतकी वर्षं काम चालू आहे. मुलांना समुद्रच दाखवायला हवा असं नाही, राऊच्या रस्त्याने नेलं तरी पुरे.

कोटीत एखादा कण, मग तो त्यांना दिसला कसा? हे मला सगळ्यात सुंदर वाटतं, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही. त्यांनी सूर्यप्रकाश भिंगांनी एकवटला आणि जांभळ्या काचेतून आत सोडला, म्हणजे द्रवात फक्त निळा-जांभळा प्रकाश जाईल. बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिवळट-हिरवी काच, जी निळा-जांभळा पूर्ण अडवते. द्रवाने रंग बदलला नाही तर दुसऱ्या काचेतून काळोख दिसायला हवा. त्यांना अंधुक उजेड दिसला. एकदा नव्हे, साठएक द्रवांत. २८ फेब्रुवारीला तोच उजेड त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला, आणि मूळ प्रकाशापासून सुटी झालेली नवी पट्टी स्पष्ट दिसली. रंगीत काचा, भिंग, ऊन, शुद्ध केलेला द्रव आणि अंधाराला सरावलेले डोळे.

सामान स्वस्त होतं ते या अर्थी. दोनशे रुपयांचा आकडा फिरतो तो फिरू दे. मात्र 'एकट्याने' हा शब्द मी भाचीच्या वहीतून खोडला आहे. रमण जिथे काम करत ती कलकत्त्याच्या बौबाजार स्ट्रीटवरची संस्था महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ सालीच उभी केली होती. १९२३ साली तिथले त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यात तो अंधुक, रंग बदललेला उजेड दिसला होता. तेव्हा तो अशुद्धतेमुळे असेल असं वाटलं. दुसरे सहकारी वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये निळ्याऐवजी झळझळीत हिरवा प्रकाश दिसला. आणि १९२८ च्या त्या फेब्रुवारीत दिवसचे दिवस काळोख्या खोलीत डोळे लावून बसले होते ते के. एस. कृष्णन. 'नेचर'मध्ये ३१ मार्च १९२८ ला छापून आलेल्या पहिल्या पत्रावर नावं दोन आहेत: रमण आणि कृष्णन. बक्षीस एकाला मिळालं, पण स्टॉकहोमच्या भाषणात रमण यांनी या तिघांचीही नावं घेतली आहेत. स्वतः रमण ज्यांना विसरले नाहीत त्यांना आपण का पुसतो? कृष्णन पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. आमच्या बीएस्सीच्या मुलांना ते सांगितलं की निम्मा वर्ग ते नाव पहिल्यांदा ऐकत असतो.

'जगात कुणाला कल्पनाही नव्हती' हेही खोडलं. १९२३ साली ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ स्मेकल यांनी कागदावर हे भाकीत केलं होतं, आणि मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात तोच परिणाम त्याच फेब्रुवारीत दिसला होता. रमण यांनी आधी छापलं, जास्त पदार्थांत दाखवलं. त्यांचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

उरलेलं बरोबर आहे. तिकिटाची गोष्ट खरी, १९३० च्या जुलैतच त्यांनी स्वतःचं आणि पत्नीचं आरक्षण केलं होतं. परदेशात शिकले नाहीत, हेही खरं, आणि त्यामागे मेसेजपेक्षा बरंच काही आहे. १९०७ साली ते अठराव्या वर्षी वित्त खात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्यात सहायक महालेखापाल झाले. मधे रंगूनला बदली, मग नागपूरला. कलकत्त्यात असतील तेवढी वर्षं कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर बौबाजारच्या प्रयोगशाळेत काम. मग आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठाची पालित प्राध्यापकी देऊ केली. त्या जागेसाठी आधी परदेशात जाऊन प्रशिक्षण घेण्याची अट होती. रमण यांनी ती साफ नाकारली आणि मुखर्जींनी ती काढून टाकली. पगार सरकारी नोकरीपेक्षा बराच कमी होता. १९१७ साली रमण यांनी सरकारी खात्याचा राजीनामा दिला आणि ते शिकवायला गेले. भाचीच्या वहीत सात रुपयांच्या जागी आता हा परिच्छेद आहे, आणि त्याच्या आधी कमला भागवत आहेत. भाषणाची वेळ चार मिनिटांची. समुद्राचं थोडं कापावं लागलं.